ग्रामपंचायत आणि नगरपालिकेकडे माहिती मागताना अर्ज कुठे अडतो

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला. त्याला वीस वर्षे होऊन गेली, तरी तालुक्याच्या ठिकाणी लोकांचे अर्ज लिहून देताना माझ्यासमोर जी फेटाळणीची पत्रे येतात, त्यांतली कारणे अजून तीच ती आहेत. माहिती गोपनीय आहे म्हणून नकार दिलेले पत्र त्यांत क्वचित सापडते. बहुतेक पत्रांत ‘मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे’, ‘अर्जात एकापेक्षा अधिक विषय आहेत’, ‘शुल्क विहित पद्धतीने भरलेले नाही’ किंवा ‘अपील मुदतबाह्य आहे’ यांपैकी एखादे वाक्य असते, आणि ही चारही कारणे अर्ज लिहितानाच टाळता येण्यासारखी असतात. पुढील माहिती महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा, नगरपरिषदा आणि महानगरपालिका यांच्यापुरती आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठीचे नियम निराळे आहेत, आणि दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे पहिला अर्ज शुल्कापाशीच अडतो.

अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. इंटरनेटवर सापडणारे मार्गदर्शन बहुधा केंद्राच्या नियमांवरून लिहिलेले असल्यामुळे लोक टपाल कार्यालयात जाऊन १० रुपयांची पोस्टल ऑर्डर घेऊन येतात. महाराष्ट्राच्या नियमांत रोख रक्कम, कोर्ट फी स्टॅम्प, डिमांड ड्राफ्ट अशी साधने दिलेली आहेत. पोस्टल ऑर्डर त्यांत नाही. सर्वांत सोयीचा कोर्ट फी स्टॅम्प, जो तहसील किंवा न्यायालयाच्या आवारातील मुद्रांक विक्रेत्याकडे मिळतो. मात्र दुकानात नुसते ‘तिकीट द्या’ म्हटले की हातात रेव्हेन्यू तिकीट पडते. एका आजोबांनी एक रुपयाची दहा रेव्हेन्यू तिकिटे अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळींत नीट चिकटवून आणली होती. हिशेब बरोबर होता, पण रेव्हेन्यू तिकीट पावतीसाठी असते, अर्जाच्या शुल्कासाठी चालत नाही. रोख भरल्यास पावती हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पुढे शुल्क भरल्याचा दुसरा पुरावा राहत नाही.

दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण ‘जोडपत्र अ’ या विहित नमुन्यातील शेवटच्या रकान्यात त्याबाबतच्या पुराव्याची छायाप्रत जोडण्यास सांगितलेले आहे. इथे लोक पिवळ्या शिधापत्रिकेची प्रत लावतात, आणि काही कार्यालये ती स्वीकारतात तर काही दाखलाच आणायला सांगतात. तो दाखला मिळतो ग्रामपंचायतीतून, म्हणजे बहुधा ज्याच्या कारभाराची माहिती हवी आहे त्याच्याच सहीने. हा दाखला लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित असलेल्या सेवांपैकी आहे, त्यामुळे तो मुदतीत मिळायला हवा. पण वीस-पंचवीस दिवस त्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला मी नेहमी सांगतो की, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून मोकळे व्हावे. ज्याला पानांच्या प्रतींसाठी पुढे शेकडो रुपये मोजावे लागणार आहेत, त्यानेच दाखल्याचा हट्ट धरावा.

अर्जासोबत आधार कार्डाची किंवा रहिवासी दाखल्याची प्रत जोडणे नियमाने आवश्यक नाही. माहिती कशासाठी हवी हेही सांगावे लागत नाही. कलम ६(२) त्याबाबत स्पष्ट आहे, आणि तरीही ‘अर्जाचा हेतू नमूद करावा’ असे पत्र अजून निघते, हे खेदाने सांगावे लागते. अधिकार मात्र नागरिकाला दिलेला आहे. म्हणून ‘अध्यक्ष, अमुक मित्रमंडळ’ अशा सहीने आणि मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करू नये. स्वतःच्या नावाने आणि घरच्या पत्त्यावरून करावा.

अर्ज कोणाच्या नावे करावा, यावरही घोळ होतो. सरपंच, नगराध्यक्ष किंवा महापौर यांच्या नावे केलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. अर्ज घेऊन माहिती देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो जन माहिती अधिकारी. ग्रामपंचायतीत तो म्हणजे ग्रामसेवक, ज्याचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. नगरपरिषदेत आणि महानगरपालिकेत प्रत्येक विभागाचा किंवा प्रभाग कार्यालयाचा जन माहिती अधिकारी वेगळा असतो. त्याचे आणि त्याच्याविरुद्ध अपील ऐकणाऱ्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम कार्यालयातील फलकावर असायला हवे. फलक नसेल किंवा त्यावर तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या माणसाचे नाव असेल, तर नुसते ‘जन माहिती अधिकारी’ आणि कार्यालयाचे नाव लिहिले तरी पुरते. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करणाऱ्यांनी आपले कार्यालय तेथील यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे. ग्रामपंचायत यादीत दिसत नाही म्हणून अर्ज मंत्रालयातल्या ग्रामविकास विभागाला पाठवला, तर तो खाली येईपर्यंत महिना सरतो.

आता मजकुराकडे येऊ, कारण सर्वाधिक अर्ज तिथे बाद होतात. कायद्याच्या भाषेत माहिती म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात आज कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्तित्वात असलेली सामग्री. अधिकाऱ्याने विचार करून उत्तर द्यावे, मत द्यावे किंवा विखुरलेल्या नोंदी जुळवून नवा तक्ता करून द्यावा, असे बंधन त्याच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. म्हणून ‘आमच्या वस्तीचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला आणि दोषींवर काय कारवाई करणार’ हा प्रश्न कितीही रास्त असला, तरी तो माहितीचा अर्ज होत नाही. तोच माणूस असे लिहू शकतो: ‘सन २०२२-२३ मध्ये १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून अमुक वस्तीत झालेल्या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, देयकाची प्रमाणके आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ रस्ता का उखडला याचे उत्तर बहुधा अंदाजपत्रकातली जाडी आणि मोजमाप पुस्तिकेतली, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या नोंदीतली, जाडी शेजारी ठेवली की मिळते.

यासाठी कागदांची नावे माहीत असावी लागतात, आणि ती कोणी सांगत नाही ही खरी अडचण आहे. घरपट्टीच्या आकारणीचा वाद असेल तर नमुना ८ ची नोंदवही मागावी; खर्चाचा वाद असेल तर रोकडवही आणि प्रमाणके (व्हाउचर); ठराव झाला की नाही याचा वाद असेल तर मासिक सभेचे किंवा ग्रामसभेचे इतिवृत्त, आणि सोबत हजेरी नोंदवहीची त्या दिवसाची पाने. इतिवृत्तात ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ दिसतो आणि हजेरीत सह्या सात दिसतात, असे मी पाहिले आहे. मात्र ज्याला स्वतःच्या घराचा नमुना ८ चा उताराच हवा आहे, त्याने माहितीच्या अधिकारात तीस दिवस घालवू नयेत. उतारा ही लोकसेवा हक्काखालील सेवा आहे आणि ती वेगळ्या अर्जाने कितीतरी लवकर मिळते.

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लोक पाणीपुरवठा, रस्ता, घरकुल आणि शाळेची भिंत हे सगळे एका अर्जात भरतात, आणि अधिकारी पहिल्या विषयाची माहिती देऊन बाकीचा अर्ज निकाली काढतो. चार विषयांचे चार अर्ज करावेत. ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व व्यवहारांची माहिती’ असेही लिहू नये. कालावधीचा रकाना नमुन्यात मुद्दाम दिलेला आहे, तिथे ‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३’ अशा तारखा लिहाव्यात.

मोजमाप पुस्तिका ग्रामपंचायतीत बहुधा नसते. ती अभियंत्याकडे, म्हणजे पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात असते. अशा वेळी कलम ६(३) प्रमाणे अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत त्या कार्यालयाकडे पाठवून अर्जदाराला तसे कळवणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढे लिहून अर्ज परत करणे कायद्यात बसत नाही, पण ते सर्रास चालते. तत्त्वासाठी अपील जरूर करावे. माहिती लवकर हवी असेल तर त्याच दिवशी दुसऱ्या कार्यालयाला दहा रुपयांचा नवा अर्जही द्यावा.

मुदतीचे गणित बहुतेकांचे चुकते, म्हणून तारखा धरूनच सांगतो. अर्ज कार्यालयाला ३ मार्चला मिळाला, तर तीस दिवस २ एप्रिलला संपतात. मोजणी अर्जावर लिहिलेल्या तारखेपासून होत नाही, कार्यालयात पोहोचल्याच्या तारखेपासून होते; म्हणून हाती दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. उत्तर आलेच नाही, तर प्रथम अपिलाची मुदत २ एप्रिलपासून तीस दिवस, म्हणजे २ मेपर्यंत. इथे माणसे फसतात. ‘साहेब पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले’ या भरवशावर मे महिना निघून जातो आणि मग अपील मुदतबाह्य ठरते. पुरेसे कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार अपिलीय अधिकाऱ्याला आहे, पण साहेबांचा तोंडी शब्द हे पुरेसे कारण म्हणून मान्य झालेले मी अजून पाहिलेले नाही.

दुसरा घोळ शुल्काच्या पत्राचा. प्रतींसाठी पानाला २ रुपये पडतात, आणि किती पाने व किती रुपये हे कार्यालयाने लेखी कळवायचे असते. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरले जात नाहीत. पत्र अठ्ठाविसाव्या दिवशी निघाले, तर पैसे भरल्यावर कार्यालयाकडे दोन दिवस उरतात, नवे तीस दिवस सुरू होत नाहीत. पण तेच पत्र तीस दिवस उलटल्यावर निघाले, तर कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते. इथे लिफाफा महत्त्वाचा ठरतो. पत्रावर तारीख ३० मार्च आणि लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का ९ एप्रिलचा, असा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की, मी लोकांना पत्रापेक्षा लिफाफा आधी दाखवायला सांगतो. तो फाडून फेकू नये, अपिलाला त्याची छायाप्रत जोडावी.

प्रथम अपील ‘जोडपत्र ब’ मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, त्याच यंत्रणेतल्या वरिष्ठाकडे होते. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते पंचायत समितीत जाते. मूळ अर्ज, पोहोच आणि उत्तर आले असल्यास ते, यांच्या प्रती जोडाव्यात. अपिलात गाऱ्हाणी लिहू नयेत. कोणत्या मुद्द्याची माहिती मिळाली नाही, एवढेच क्रमाने लिहावे. निर्णय तीस दिवसांत, कारणे नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा.

नकाराचे एक कारण अलीकडे वाढले आहे. वैयक्तिक माहितीचा अपवाद असलेले कलम ८(१)(ञ) डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने बदलले आणि त्यातल्या आधीच्या अटी जाऊन अपवाद रुंद झाला. लाभार्थ्यांची यादी, ठेकेदाराला दिलेले देयक, कर्मचाऱ्याची हजेरी, काहीही मागितले की आता हे कलम पुढे येते. व्यापक जनहित दाखवता आले तर माहिती देण्याची तरतूद असलेले कलम ८(२) मात्र जागेवर आहे. म्हणून अशा माहितीसाठी हेतू सांगण्याची सक्ती नसली, तरी सार्वजनिक निधी कोणता आणि किती, हे एका ओळीत अर्जातच लिहावे. शक्य तेथे माणसाऐवजी कामाची आणि रकमेची कागदपत्रे मागावीत.

‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर त्याहून चिवट आहे. कागद सापडत नाही हा कायद्यातील अपवाद नाही. अशा वेळी प्रथम अपिलात दोन गोष्टी मागाव्यात: शोध घेतल्याचे लेखी निवेदन आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली जबाबदारी निश्चित करण्याचा आदेश. या अधिनियमाचे नाव अपिलात आले की हरवलेली नोंदवही पुष्कळदा दुसऱ्या कपाटात सापडते.

द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे, ‘जोडपत्र क’ मध्ये, पुन्हा २० रुपयांच्या स्टॅम्पसह, नव्वद दिवसांत करायचे असते. प्रथम अपिलाचा निर्णय आलाच नसेल, तर नव्वद दिवस पंचेचाळिसाव्याऐवजी तिसाव्या दिवसापासून मोजावेत, म्हणजे वाद राहत नाही. आयोगाकडे थेट करायची कलम १८ खालची तक्रार द्वितीय अपिलाऐवजी करू नये. तक्रारीत अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये. माहिती देण्याचा आदेश मात्र तक्रारीत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २०११ मध्येच सांगितले आहे. आयोगापुढे सुनावणीचा क्रमांक यायला बराच काळ लागतो, म्हणून प्रथम अपिलाच्या सुनावणीला स्वतः जावे आणि जाताना हव्या असलेल्या कागदांची यादी एका पानावर मोठ्या अक्षरांत न्यावी.

एक सोपा रस्ता अजून पुष्कळांना माहीत नाही. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिका, जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. कोणत्या कागदाची प्रत मागायची हे ठाऊक नसलेल्याने आधी सोमवारी जाऊन धारिका चाळावी, हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून घ्यावेत आणि मग अर्ज करावा. खिडकीवर ‘असे काही परिपत्रक नाही’ हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी, आणि परिपत्रकाची छापील प्रत खिशात असावी.