सीमाबंदी, साथकालीन : आरोग्यसल्ला आणि बडोद्याचा अनुभव

साथीचा रोग आत येऊ नये किंवा बाहेर पसरू नये म्हणून देश, प्रांत, शहर किंवा एखाद्या मोहल्ल्याच्या हद्दीवर माणसांची व मालाची ये-जा शासनाने थांबवणे, तपासून सोडणे किंवा अटी घालून सोडणे म्हणजे साथकालीन सीमाबंदी. हुकूम शासनाचा असतो. रोग कसा पसरतो, किती दिवसांत लक्षणे दिसतात आणि कोणाला अडवल्याने उपयोग होईल, हे सांगण्याचे काम वैद्यक जाणणाऱ्यांचे. या दोहोंचा मेळ क्वचितच बसलेला आढळतो. मुंबई आणि अहमदाबाद यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर असल्यामुळे बडोद्याला (आजचे वडोदरा) या विसंगतीचा अनुभव एकाहून अधिक वेळा आला.

व्युत्पत्ती : येणाऱ्याला हद्दीवर ठरावीक दिवस वेगळे ठेवणे या अर्थाचा ‘क्वारंटाइन’ हा शब्द चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला, याबद्दल दुमत नाही. चाळीसच का, याबद्दल मात्र आहे. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागूझा (आजचे दुब्रोवनिक) या नगरराज्याने १३७७ मध्ये केलेल्या नियमात तीसच दिवस होते. प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्याने शहराबाहेर महिनाभर राहावे, असा तो नियम. चाळीस दिवसांची मुदत पंधराव्या शतकात रूढ झाली असावी. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगसाठी कायमचे रुग्णालय उभारले, ते याच शतकात. काहींच्या मते या आकड्यामागे ख्रिस्ती उपवासकाळाचे चाळीस दिवस आहेत. दुसरे मत असे की तीव्र रोग चाळीस दिवसांच्या आत प्रकट होतो, या प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतील समजुतीवरून तो घेतला गेला. दोन्ही कारणे एकमेकांना पूरक ठरली असण्याचा संभव अधिक, कारण त्या काळचा वैद्य आणि पाद्री यांच्या विचारांत आजच्याइतके अंतर नव्हते. काहीही असले, तरी हा आकडा रोगाचे निरीक्षण करून काढलेला नव्हता. हिंदुस्थानात प्लेगच्या संशयितांवर दहा दिवस देखरेख ठेवण्याची पद्धत पडली, ती मात्र रोगाची लक्षणे दिसण्यास लागणारा काळ धरून. सुतकाचे दिवसही दहाच असल्याने मराठी घरांना हा आकडा परका वाटला नसेल. या सारखेपणाला योगायोगापलीकडे अर्थ देण्याचे कारण नाही.

प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळाला. याच महिन्यात व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईच्या जहाजांना यूरोपची बंदरे बंद होतील, ही भीती तेव्हा उघडपणे बोलली जात होती. कायद्याची घाई वैद्यकीय सल्ल्यामुळे झाली की व्यापाराच्या धास्तीने, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर दुसरे कारण अधिक वजनदार वाटते.

ब्रिटिश मुलखातील कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे. त्यातच बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत ब्रिटिश जिल्ह्यांत व इतर संस्थानांत विखुरलेले होते. नाका बसवायचा तर कोठे, हा प्रश्न नकाशा उघडताच उभा राहतो. लोहमार्ग हीच काय ती नजर ठेवता येईल अशी वाट. स्थानकावर उतारूंना रांगेत उभे करून नाडी पाहायची, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचे, असा तेव्हाच्या तपासणीचा सर्वसाधारण प्रकार होता. स्त्रियांच्या तपासणीवरून ठिकठिकाणी सर्वाधिक संताप झाला.

बडोद्याचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात गेले ते नाकेबंदीमुळे नव्हे, तर शहरापासून सुमारे सहा मैलांवरील उंढेरा (आजचे उंडेरा) या खेड्यामुळे. गावात साथ चालू असतानाच १२ फेब्रुवारी १८९८ रोजी प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकीन आणि शल्यचिकित्सक बॅनरमन यांनी तेथे ५१३ जणांना ती टोचली. घराघरातली माणसे एकत्र उभी करून त्यांतील निम्म्यांना टोचायचे आणि निम्म्यांना सोडायचे, अशी ही विभागणी होती. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच छपराखाली निजणारी माणसे असल्याने तुलना चोख झाली. (आजच्या नीतिसमित्यांनी तिला मान्यता दिली असती का, हा प्रश्न वेगळा.) त्यानंतर २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. सीमेच्या दृष्टीने याचे महत्त्व असे की, माणूस कोठून आला याऐवजी त्याने काय टोचून घेतले आहे, हे विचारणे आता शक्य झाले. लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यास विलगीकरणातून सूट देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात याच सुमारास सुरू झाली.

त्याच वर्षी कराचीत फ्रेंच डॉक्टर पोल-लुई सिमों यांनी उंदरावरील पिसू प्लेग पसरवते, असे प्रयोगाने दाखवले. ते बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या संशोधनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे मधली काही वर्षे स्थानकावर माणूस चाचपला जात होता आणि धान्याच्या पोत्यांतला उंदीर बिनतिकीट पुढे जात होता.

१९१८ चा इन्फ्लुएंझा (मानमोडी) : प्लेगच्या मानाने ही साथ इतक्या वेगाने पसरली की रेल्वेच्या मुलखात सीमाबंदीला वावच उरला नाही. समुद्राने वेढलेल्या ठिकाणांची गोष्ट निराळी. अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवले आणि तेथे या तापाने मृत्यू झाला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत सुमारे पंचमांश लोक मेले. सीमाबंदीचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात. ते खरे आहे, पण ते बेटाचे आहे.

सुरत, १९९४ : वडोदऱ्यापासून लोहमार्गाने सुमारे १३० किमी. अंतरावरील सुरतेत सप्टेंबरमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटताच लाखो लोक शहर सोडून गेले. प्रवासावर बंधने घालू नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. तरीही अनेक देशांनी भारताकडील विमाने थांबवली आणि काहींनी मालही नाकारला. सल्ला धुडकावणाऱ्याला जाब विचारण्याची सोय तेव्हाच्या नियमांत जवळजवळ नव्हती. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी (अंमल १५ जून २००७ पासून) अशा जादा उपायांना शास्त्रीय आधार असावा आणि त्याची कारणे ४८ तासांत संघटनेला कळवावीत, असे घातले. दंडाची तरतूद त्यांतही नाही.

कोव्हिड-१९ : ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करताना जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केली नाही. २९ फेब्रुवारीच्या सल्ल्यात थोडी सूट दिसते : साथीच्या आरंभी, तयारीला काही दिवस मिळावेत एवढ्यापुरते निर्बंध समर्थनीय ठरू शकतात, ते अल्पकाळ व प्रमाणात असावेत. सीमाबंदीविषयी वैद्यकाने सांगितलेल्यांत हे वाक्य सर्वांत नेमके म्हणावे लागेल. भारताने २५ मार्चपासून टाळेबंदी केली. २९ मार्चच्या केंद्रीय आदेशाने राज्यांच्या व जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. वडोदऱ्यात नागरवाडा हा भाग एप्रिलमध्ये वेगळा काढून बंद करण्यात आला, तेव्हा सीमा शहराच्या आतच आली. १ जूनपासून राज्याराज्यांतील ये-जा केंद्राने खुली केली. राज्यांना मात्र निर्बंध घालण्याची मुभा राहिली.

त्या मुभेचा परिणाम वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांना पुढे जाणवला. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने गुजरातसह चार राज्यांतून येणाऱ्यांवर अट घातली : रेल्वेने येणाऱ्याला ९६ तासांच्या आतील, तर विमानाने येणाऱ्याला ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल हवा. मोटारीने येणाऱ्याचा हद्दीवर ताप पाहून लक्षणे नसल्यास सोडून देत. दांडिया बाजारातील एखादे कुटुंब लग्नासाठी नाशिकला निघाले, तर गाडीचे तिकीट काढणाऱ्या आजोबांच्या नाकात काडी जाणार आणि मोटार चालवत येणारा नातू कपाळाला तापमापक दाखवून पुढे जाणार. लक्षणे नसलेल्यांकडूनही हा रोग पसरतो, हे तोवर सर्वमान्य झाले होते. एप्रिल २०२१ पासून गुजरातनेही बाहेरून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतील अहवाल मागितला.

या दोन राज्यांची हद्द सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर स्थानकाच्या फलाटावरूनच जाते. तेथील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे.