कंपवाताच्या वाटेने नैराश्यापर्यंत

१९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एक विलक्षण नोंद प्रसिद्ध केली. बरीच वर्षं कंपवात असलेल्या ६५ वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवले होते. वीज नेमकी कुठे सोडली की ताठरपणा कमी होतो, याची चाचपणी चालू होती. गुण देणाऱ्या जागेच्या फक्त २ मिलिमीटर खाली प्रवाह सोडला आणि काही सेकंदांत बाईंचा चेहरा पडला. त्या रडू लागल्या, आता जगण्यात काही राम नाही म्हणू लागल्या. प्रवाह बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत सगळं पूर्ववत. आणि याआधी त्यांना नैराश्य कधी झालंच नव्हतं.

कंपवाताचा रुग्ण उदास दिसला की घरचे म्हणतात, ‘एवढा आजार मागे लागल्यावर कोण हसत बसेल?’ यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. कंपवात झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्याची ठळक लक्षणं असतात. काहींना तर ती हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीच दिसतात. आजाराचा पत्ताच नाही, तर त्याचं दुःख कुठून येणार? हालचालींसाठी लागणारं डोपामिन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण मनःस्थितीशी संबंध असलेल्या सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या केंद्रांनाही त्याची झळ लागते, बहुधा डोपामिनच्या आधीच.

हेलन मेबर्ग या अमेरिकन मेंदूतज्ज्ञ या प्रश्नात शिरल्या त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. मानसोपचार हा त्यांचा विषय नव्हे, त्या न्यूरॉलॉजिस्ट. कंपवाताच्या एका रुग्णाला नैराश्य येतं आणि दुसऱ्याला नाही, मग दोघांच्या मेंदूत फरक काय? पेट स्कॅनने मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे कळतं. १९९० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की उदास रुग्णांत कपाळामागच्या मेंदूचा खालचा भाग आणि कॉडेट हा खोलवरचा पेशीपुंज मंदावलेले असतात. रुग्ण मोजकेच होते, पण प्रश्न अचूक होता.

पुढे मेबर्ग कंपवात नसलेल्या नैराश्याकडे वळल्या. १९९९ च्या अभ्यासात त्यांनी निरोगी माणसांना स्वतःच्या आयुष्यातले दुःखाचे प्रसंग आठवायला सांगितले. मेंदूच्या मध्यरेषेजवळ, खोलवर असलेला ‘एरिया २५’ चेतला आणि विचार-नियोजनाचा पुढचा भाग मंदावला. औषधाने बरे होणाऱ्या रुग्णांत नेमकं उलटं घडत होतं.

आता हत्यार हवं होतं, तेही कंपवातानेच पुरवलं. फ्रान्समधल्या ग्रनोबलला आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून विजेने थरथर थांबवून दाखवली होती. मेबर्ग यांनी टोरंटोत न्यूरोसर्जन आंद्रेस लोझानो यांच्याबरोबर हाच उपाय एरिया २५ वर केला. कशालाच दाद न देणारं नैराश्य असलेले सहा रुग्ण निवडले. शस्त्रक्रियेत ते जागे होते. प्रवाह सुरू होताच कुणाला एकदम शांत वाटलं, कुणाला खोली उजळल्यासारखी वाटली. सहा महिन्यांनंतर चौघांची सुधारणा टिकून होती. २००५ मध्ये हा शोधनिबंध आला आणि गाजला.

पुढचा भाग कमी गाजला, मला मात्र तोच जास्त मोलाचा वाटतो. नव्वद रुग्णांच्या मोठ्या चाचणीत यंत्र सगळ्यांना बसवलं, पण सहा महिने काहींचं बंद ठेवलं. कुणाचं चालू, कुणाचं बंद, हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही आणि चाचणी आवरती घ्यावी लागली. नंतर सगळ्यांची यंत्रं चालू केली, तेव्हा दोन वर्षांअखेर जवळपास निम्मे सुधारले होते. म्हणजे गुण येतो, पण सावकाश. की वेळ जाईल तसं काहींना आपोआपच बरं वाटलं? तुलनेला दुसरा गट उरला नसल्याने हे ठरवणं अवघड. कंपवातात थरथर थांबलेली सर्जनला डोळ्यांनी दिसते, नैराश्यात असं मोजमाप नाही.

ते शोधण्याचा प्रयत्न २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेबर्ग तोवर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात आल्या होत्या. या वेळचं यंत्र वीज देता देता मेंदूचे संकेतही टिपत होतं. दहापैकी नऊ रुग्ण सहा महिन्यांत सुधारले आणि सुधारणेबरोबर बदलणारा एक विद्युत्-संकेत हाती लागला. एका रुग्णाचं नैराश्य परत आलं, तेव्हा मागे जाऊन नोंदी तपासल्या. संकेत काही आठवडे आधीच बिघडला होता.

नैराश्यावरची ही शस्त्रक्रिया अजून प्रायोगिकच आहे. कंपवातातल्या नैराश्यावर मात्र नेहमीची औषधं आणि समुपदेशन पुष्कळांना लागू पडतं. अडचण येते ती ओळखण्यात. आजाराने चेहरा निर्विकार होतो, बोलणं-चालणं मंदावतं, झोप बिघडते आणि ही लक्षणं नैराश्याचीही असतात. त्यामुळे उदास नसलेला माणूस उदास वाटतो आणि खरोखर उदास असलेला नजरेतून सुटतो. हाताची थरथर डॉक्टरांना तपासताना दिसतेच. पण आजोबांनी महिनाभर पेपर उघडलेला नाही, नातवंडं आली तरी खोलीबाहेर येत नाहीत, हे घरच्यांनी सांगितलं तरच त्यांना कळतं.