पोटगीचा आकडा कुठून आला

घटस्फोटाच्या वाटाघाटी शेवटी एका प्रश्नापाशी येऊन अडतात: महिन्याला किती? भारतात या आकड्यावर इतका भार पडतो त्याचे कारण मालमत्तेच्या कायद्यात आहे. आपल्याकडे लग्नामुळे नवराबायकोची मालमत्ता एक होत नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा. गोवा हा अपवाद: तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा धरतात. घटस्फोटात पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले. त्यामुळे वीस वर्षे घर चालवलेल्या बाईचा सगळा हिशेब पोटगीतूनच भागवायचा.

पोटगी मुळात त्यासाठी नव्हतीच. ब्रिटिशांनी ती घातली फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि १८७२ च्या संहितेमागचे कायदेपंडित फिट्झजेम्स स्टीफन यांनी हेतूही सांगून ठेवला: टाकलेल्या बायकामुलांनी रस्त्यावर येऊ नये. म्हणजे मोजायची होती भूक. संसारातले कष्ट नव्हे. भुकेला कमाल मर्यादा घालता येते. १८९८ च्या संहितेतल्या कलम ४८८ मध्ये ती महिना ५० रुपये होती. १९२३ मध्ये १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या संहितेत कलम १२५ आले, घटस्फोटित पत्नी आणि आईवडीलही त्यात धरले गेले, पण आकडा ५०० च राहिला. हे ५०० सगळ्यांना मिळून की प्रत्येकाला, यावरही वाद झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रत्येकाला’ असा अर्थ लावला.

शहाबानो प्रकरणाचे राजकारण सर्वांना आठवते, आकडे कुणाला नाही. इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांनी १९७९ मध्ये महिना २५ रुपये मंजूर केले होते. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. पती वकील होते आणि त्यांची कमाई वर्षाला साठ हजारांच्या आसपास असल्याचे पत्नीचे म्हणणे होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली ती हीच रक्कम.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या पोटगीला (कलम २४ आणि २५) अशी मर्यादा कधीच नव्हती. शिवाय तिथे पतीही मागू शकतो. कलम १२५ ची मर्यादा मात्र २००१ मध्ये उठली. त्याच दुरुस्तीने अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) पोटगी आली आणि तो अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा ठरले. ही मुदत कागदावर छान दिसते.

मर्यादा गेल्यावर नवी अडचण उभी राहिली: उत्पन्न लपवणे. नोकरदाराची पगारपत्रिका तरी हाती लागते. धंदेवाईकाचे विवरणपत्र बघावे तर घर कसे चालते असा प्रश्न पडावा. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असेही ठरवले. आकडा ठरवताना आयकर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी वजा धरतात. स्वखुशीने काढलेल्या कर्जाचे हप्ते सहसा धरत नाहीत. २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराचा २५ टक्के हिस्सा योग्य म्हटला गेला. तो ठोकताळा आहे, नियम नव्हे, तरी वकिलांच्या बोलण्यात नियमासारखाच येतो.

वसुलीत सर्वात जास्त नुकसान होते ते एका पोटकलमामुळे. पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या महिन्यासाठी वसुलीचे वॉरंट निघत नाही. ‘देईल कधीतरी’ म्हणून अठरा महिने थांबले की सुरुवातीचे सहा महिने या वाटेने हातचे गेले. पोटगी थकवणारा तुरुंगात बसला म्हणून मात्र थकबाकी फिटत नाही, हे १९८८ मध्येच स्पष्ट झाले आहे. १ जुलै २०२४ पासून हे सगळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. एक वर्षाची अट तशीच.

शिवाय आदेशातली रक्कम आपोआप वाढत नाही. ६ टक्के महागाई धरली तर आजच्या १५,००० ची किंमत दहा वर्षांनी साधारण ८,४०० उरते. वाढ हवी तर बदललेल्या परिस्थितीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

म्हणून १९७६ मध्ये परस्परसंमतीचा घटस्फोट (हिंदू विवाह कायद्याचे कलम १३ ब) आल्यापासून एकरकमी तडजोडीकडे कल आहे. कराचाही फरक पडतो: मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालानुसार एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची, म्हणून करमुक्त, दरमहा येणारी मात्र करपात्र उत्पन्न. संमतीच्या घटस्फोटात काही महिन्यांच्या अंतराने दोन अर्ज करावे लागतात, म्हणून एकरकमी रक्कम टप्प्यांत देतात: काही पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली दुसऱ्या अर्जाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. अंतिम हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. सगळे पैसे आधी दिले तर देणारा अडकतो. सगळे शेवटावर ठेवले तर मधल्या महिन्यांत घेणारीने खायचे काय, हे करारात वेगळे लिहून घ्यावे लागते.