महालच्या गल्लीत फोन का चुकतो?

पर्यटकांच्या फोनवरून त्यांची वाट शोधायची आणि त्यावरून शहराची जाहिरात ठरवायची, हे आता अनेक जुन्या शहरांत सुरू आहे. व्हेनिस मोबाइल नेटवर्कच्या माहितीवरून गर्दी मोजतं. नागपुरात हा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘उपग्रह आपल्यावर नजर ठेवून असतो.’ हे साफ चूक आहे. जीपीएसचा उपग्रह रेडिओ केंद्रासारखा असतो. तो फक्त बोलतो, आपलं ऐकत नाही. आपण कुठे आहोत हे फोन स्वतःच काढतो. ती माहिती बाहेर जाते ती फोनमधल्या अ‍ॅपमधून.

फोन हे काढतो कसं, ते फार सुंदर आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह ‘मी इथे आहे, आता इतके वाजले’ एवढंच सांगत असतो. तो संदेश किती उशिरा पोचला, यावरून अंतर कळतं. तीन अंतरांवरून जागा ठरते. पण उपग्रहात अतिशय अचूक अणुघड्याळ असतं आणि फोनमध्ये साधं, म्हणून वेळेची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, चुकला की अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं. कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानात फोन साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतो. महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या चिंचोळ्या गल्लीत मात्र थेट संदेश अडतो आणि समोरच्या भिंतीवर आपटून आलेला पोचतो. वाट १२ मीटरने लांबली की ४० नॅनोसेकंद उशीर होतो, आणि उपग्रहच तेवढा लांब आहे असं फोन धरून चालतो. नकाशावरचा ठिपका उडी मारून शेजारच्या गल्लीत जातो.

इथेच जाहिरातीचं गणित बिघडतं. ‘५० मीटरच्या आत १५ मिनिटं’ अशी काहीतरी अट लावून पर्यटक कुठे थांबला ते सॉफ्टवेअर ओळखतं. जुन्या वाड्याची लाकडी कोरीव तुळई बघत उभा असलेला माणूस ठिपका उडत राहिल्यामुळे ‘चालता’ ठरतो. बडकस चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला ‘पर्यटक’ ठरतो. एआयचं लेबल लावलेला रंगीत नकाशा ही चूक आपोआप सुधारत नाही.

नावं काढून टाकली म्हणजे माणूस लपला, असंही नाही. १५ लाख फोनधारकांच्या नोंदींवरच्या २०१३ च्या अभ्यासात जागा आणि वेळ सांगणारे चार ठिपके ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरले होते. म्हणून एकेका माणसाची वाट साठवूच नये, तासागणिक किती माणसं आली त्याची बेरीज ठेवावी.

दीक्षाभूमीला येणाऱ्यांपैकी किती जण पुढे महालात जातात, हे खरंच कळायला हवं. त्यासाठी आधी एखाद्या रविवारी महालातल्या गांधी गेटपाशी विद्यार्थी बसवून माणसं हाताने मोजावीत, आलेल्यांना कुठून आलात ते विचारावं, फोनचे आकडे त्याच्याशी ताडून बघावेत, आणि मगच फलक कुठे लावायचे ते ठरवावं.