पैंजणात दिसणारा फोटोग्राफर

कोल्हापूरजवळच्या हुपरीचा चांदीचा पैंजण पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाईलने फोटो काढून बघा. चांदी पांढरी दिसायला हवी, पण ती येते काळपट. बारकाईने पाहिलं तर एकेका घुंगरात फोटो काढणारा स्वतःच उभा, हात वर करून. कारागीर म्हणतो, "माल चांगलाय, फोटो खोटा आलाय." खरं तर फोटो अगदी खरा आलेला असतो. कागद आपण पैंजणाखाली घातला, पण चांदीने दाखवली ती समोरची अंधारी खोली.

चकचकीत वस्तूची पार्श्वभूमी तिच्या मागे नसतेच, ती कॅमेऱ्याच्या बाजूला असते. एवढी साधी गोष्ट फोटोग्राफीच्या अंगवळणी कशी पडत गेली, ती ही पार्श्वभूमीची पार्श्वभूमी.

सुरुवातच चांदीपासून आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच चित्रकाराची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली. तीत तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर चढवून तो आरशासारखा घासायचा, आयोडीनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात प्रकाश दाखवायचा आणि पाऱ्याच्या वाफेने चित्र उठवायचं. हुपरीतल्या पॉलिशवाल्याला यातली पहिली दोन कामं परकी वाटली नसती. पण तयार चित्र हातात घेतलं की अडचण यायची. पत्रा आरसाच, त्यामुळे चित्राऐवजी आपलंच तोंड दिसायचं. चित्र नीट दिसावं म्हणून पत्र्यासमोर काहीतरी काळं यावं लागे. म्हणजे अगदी सुरुवातीच्या फोटोंनाच बघताना काळा पडदा लागत होता, आणि तोही मागे नव्हे, पुढे.

त्याच सुमारास इंग्लंडात टॅल्बट नावाचा संशोधक कागदावर फोटोची चित्रं उतरवत होता. १८४४ पासून भागाभागांनी निघालेल्या त्याच्या पुस्तकात फळीवर मांडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचा फोटो आहे, मागे काळोख. एखाद्या चोराने ही भांडी पळवली तर कोर्टात हे चित्र मुका साक्षीदार ठरेल, असं तो गंमतीने लिहितो. कॅटलॉगच्या फोटोचा हा बहुधा सगळ्यात जुना युक्तिवाद. काचेच्या भांड्यांबद्दल त्याने नोंदवलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: पांढरी चिनीमाती आणि काच एकत्र मांडू नका, कारण काचेचं चित्र धड सुरूही झालेलं नसतं तेव्हा चिनीमातीचं पुरं झालेलं असतं. आज स्टीलचा डबा आणि काचेची बरणी एकाच फोटोत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे वाचून दाखवावंसं वाटतं.

सोन्याचं दुखणं वेगळं होतं. फोटो उतरवायच्या जुन्या काचेच्या प्लेटांना निळा उजेड कळायचा, पिवळा-तांबडा जवळजवळ नाही. त्यामुळे सोनं काळं उतरायचं. १८७३ मध्ये जर्मनीतल्या फोगेल या रसायनशास्त्रज्ञाने प्लेटच्या रसायनात रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा उजेड ओळखायला लावलं, तेव्हा कुठे पिवळ्या धातूला फोटोत चेहरा मिळू लागला.

कोल्हापूरकडे पार्श्वभूमी आली ती नाटकाच्या पडद्यातून. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. महाल, जंगल, रस्ता, सगळं सपाट कापडावर, आणि रंगही असा की दिव्यात चमकू नये. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी, म्हणजेच बाबूराव पेंटरांनी, पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि पहिल्याच काळात एक मोठी गोष्ट केली: रंगवलेला पडदा काढून टाकला आणि त्याजागी भरीव, खोली असलेले सेट उभे केले. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम दिवे वापरले, म्हणजे उजेड कुठून पडायचा हे सूर्याऐवजी माणूस ठरवू लागला. त्याआधी मूकपटवाले उन्हातच काम करत, वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करत. आज बाजारात 'डिफ्यूजर' नावाने विकत मिळतं ते हेच कापड.

वस्तूंच्या फोटोंनी मात्र नेमका उलटा रस्ता धरला. सिनेमात खोली वाढत गेली, इथे मागचं सगळं काढून टाकलं गेलं. १९२२ मध्ये अमेरिकेत आउटरब्रिज या फोटोग्राफरने शर्टाची कडक कॉलर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटींवर ठेवली. जाहिरातीचा फोटो इतका मोकळा असू शकतो हे तेव्हा नवीन होतं. आणि १९३० साली एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने ढबू मिरचीचा तो प्रसिद्ध फोटो काढला. आधी कापड, पुठ्ठा असलं बरंच काही मागे लावून झालं होतं. शेवटी त्याने मिरची टिनच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या उतारामुळे मागे काळ्यापासून करड्यापर्यंत आपोआप छटा उतरली, आणि त्याच पत्र्यावरून परतलेला उजेड मिरचीच्या वळणांना लागला. पार्श्वभूमी आणि दिवा एकाच वस्तूत! आपल्याकडे नरसाळं रॉकेलसाठी आणि ढबू भाजीसाठी, एवढाच फरक.

चकाकी कापायची दुसरी वाट विज्ञानाने दिली. १८०८ मध्ये मालुस नावाच्या फ्रेंच अभियंत्याने खिडकीच्या काचेवरून आलेलं ऊन एका स्फटिकातून पाहिलं आणि स्फटिक फिरवताच त्यातलं एक प्रतिबिंब मंदावलं. काचेवरून तिरका परतलेला उजेड एका पातळीत कंप पावतो, हे त्यातून कळलं. पुढे ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने, हे सगळ्यात जास्त कुठल्या कोनात होतं, तो कोन काढून दिला. काचेला लंबापासून सुमारे ५६ अंश. एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९२९ च्या सुमारास प्लास्टिकच्या पातळ पट्टीत हीच करामत बसवली, आणि लेन्सवर फिरवायचा पोलरायझर, म्हणजे एकाच पातळीतला उजेड आत सोडणारी चकती, स्वस्त झाला. काच, वार्निश, घासलेल्या चामड्याची चकाकी तो छान कापतो, त्यामुळे कोल्हापुरी चपलेला उपयोगी. पैंजणाला मात्र नुसता लेन्सवरचा पोलरायझर कामाचा नाही, धातू असा एका पातळीत उजेड परतवत नाही. दिव्यावरही पोलरायझरची शीट लावून लेन्सवरचा आडवा फिरवला तर चकाकी जाते, पण मग चांदी शिशासारखी मेलेली दिसते. गिऱ्हाइकाला चांदी हवी असते, चांदीचा आकार नव्हे.

मग उरतं काय, तर समोर काय ठेवायचं ते ठरवणं. पैंजणाभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू उभारायचा आणि लेन्सपुरतं भोक ठेवायचं. चांदी पांढरी होते. पण चोहीकडे पांढरं झालं की कडाच विरघळतात, म्हणून तंबूच्या आत काळ्या कार्डाच्या बारीक पट्ट्या लावायच्या. त्या पट्ट्या घुंगराच्या काठावर रेघ होऊन उमटतात आणि घुंगरू गोल दिसू लागतो. नवशिक्याला हे पटत नाही. चमक वाढवायला काळं का लावायचं?

खाली काय घालायचं त्यात १९३० च्या दशकात अॅक्रिलिकने भर घातली. काळ्या अॅक्रिलिकवर, म्हणजे चकचकीत प्लास्टिकच्या पत्र्यावर, वस्तूचं एकच स्वच्छ प्रतिबिंब पडतं, घरच्या आरशावर दोन पडतात, एक काचेवरचं आणि एक मागच्या मुलाम्यातलं. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडचा उरलेला तुकडाही चालतो, फक्त ओरखडे आणि धूळ फोटोत आधी दिसते.

ऑनलाइन दुकानांनी हा सगळा खेळ पुन्हा पांढऱ्यावर आणला. अॅमेझॉनच्या मुख्य फोटोला मागे शुद्ध पांढरा लागतो, लाल, हिरव्या, निळ्याच्या आकड्यांत २५५, २५५, २५५, आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. चपलेला हे मानवतं. चांदीला नाही. पांढऱ्यात पांढरं कसं दिसणार? कोल्हापूरच्या गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, सराफ दागिना गुलाबी कागदात गुंडाळून देतात, त्यांना हे कधीपासूनच ठाऊक असावं. त्या कागदाचा रंग सोन्यात उतरतो आणि सोनं जरा तांबूस, गरम दिसतं.

सगळ्यात हट्टी माल म्हणजे कोल्हापुरी साज, गळ्यातला सोन्याचा दागिना. त्यातला प्रत्येक जाव मणी हा फुगीर आरसा, त्यामुळे तंबू कितीही नीट बांधला तरी लेन्सचं भोक प्रत्येक मण्यात काळा ठिपका होऊन येतंच. बरेच जण संगणकावर बसून ते ठिपके एकेक पुसतात. मी अलीकडे दोन-तीन ठेवून देतो.