डेटा मर्यादा आणि वापरानुसार आकारणी (घरगुती इंटरनेट)

घरच्या इंटरनेटवर ठरावीक जीबी वापरून झाले की वेग उतरवणे, जोडणी थांबवणे किंवा जादा पैसे लावणे, याला डेटा मर्यादा म्हणतात. जितके जीबी तितके पैसे, ही वापरानुसार आकारणी. भारतात ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फायबर योजनांनाही बहुधा महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ती गाठायची तर महिनाभर रात्रंदिवस सुमारे १० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाने डाउनलोड चालू ठेवावे लागेल, त्यामुळे सामान्य कुटुंबाला ती कधी जाणवतही नाही. ग्रामीण विदर्भात जाचते ती दुसरी मर्यादा, दिवसाला दीड-दोन जीबीची. देशातले साधारण ९५ टक्के ब्रॉडबँड ग्राहक मोबाइलवरचे आहेत, आणि धारणी, एटापल्ली, झरी-जामणीसारख्या तालुक्यांतल्या खेड्यांत घरचे नेट म्हणजे बापाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट.

त्या दीड जीबीत काय होते ते पाहण्यासारखे आहे. एचडी व्हिडिओ तासाला दोन-तीन जीबी खातो, साधा व्हिडिओही जीबीच्या आसपास जातो. म्हणजे पोलीस भरतीची किंवा नीटची तयारी करणाऱ्या मुलीने दीड तास शिकवणी पाहिली की घरादाराचा त्या दिवसाचा डेटा संपला. त्यानंतर वेग अनेक योजनांत ६४ केबीपीएसवर येतो (केबीपीएस म्हणजे एमबीपीएसचा हजारावा भाग). या वेगाने तीन एमबीचा एक फोटो चढवायला सव्वासहा मिनिटे लागतात, तीही रेंज एकदाही न तुटता. सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, त्यात जमिनीची कागदपत्रे जोडावी लागतात. फॉर्म मध्येच लटकतो, पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो, आणि शेवटी माणूस तालुक्याच्या सेवा केंद्राची वाट धरतो. नोंदणी फुकट असली तरी एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्याच्याच खिशातून जाते.

रोजच्या मर्यादेचा दुसरा दोष शेतीच्या दिनक्रमाशी जोडलेला आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घर सकाळपासून वावरात असते. डेटा वापरलाच जात नाही आणि रात्री बाराला बाद होतो. लाइन गेली, टॉवर बंद पडला, तरी त्या दिवसाचा वाटा गेलाच. पुढे झडीचे तीन दिवस सगळे घरात असतात, तेव्हा तोच डेटा अपुरा पडतो. पैसे महिन्याचे घेतले जातात, माल मात्र दिवसाच्या मापाने मोजून मिळतो आणि उरलेला परत घेतला जातो. हे वाजवी म्हणता येत नाही.

मर्यादेच्या बाजूने नेहमी विजेच्या मीटरचा दाखला दिला जातो. शेतीपंपांना एचपीवर ठोक आकारणी होती तेव्हा विजेचा हिशेबच लागत नसे, म्हणून मीटर हवा, हे विदर्भातल्या माणसाला पटतेही. पण चंद्रपूर किंवा कोराडीच्या केंद्रात प्रत्येक युनिटमागे कोळसा जळतो. जीबीमागे तसे काही जळत नाही. केबल टाकणे, खांब, यंत्रे, दुरुस्तीची माणसे हा खर्च नेट वापरा अथवा न वापरा, तेवढाच राहतो. खर्च वाढतो तो संध्याकाळी सगळे एकदम बसतात त्या वेळेची क्षमता वाढवावी लागते म्हणून. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका धाग्यावरचे सुमारे २.५ जीबीपीएस (अडीच हजार एमबीपीएस) ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. रात्री दोनला कोणी शंभर जीबी उतरवले तर शेजाऱ्याचे काहीच बिघडत नाही.

टॉवरची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या रेडिओलहरींचा पट्टा, मोजका असतो आणि एकाच टॉवरवर तीन-चार गावे असतात. अमर्याद वापर खुला केला तर संध्याकाळी कोणाचाच फोन चालणार नाही. मोबाइलवर काही मर्यादा असणे म्हणूनच समजण्यासारखे आहे. पण रोजची मर्यादा गर्दीकडे पाहतच नाही. पहाटे चारला टॉवर रिकामा असतानाही ती तितकीच लागू असते. महिन्याचा एकत्रित कोटा आणि रात्रीचा मोकळा वापर, एवढ्याने गर्दीही आवरेल आणि गरिबाचा डेटाही वाया जाणार नाही.

कमी वापरणाऱ्याने जास्त वापरणाऱ्याचा भार का उचलावा, हा प्रश्न रास्त आहे. फायबरवर त्याचे उत्तर वेगाच्या पायऱ्यांनी आधीच दिले आहे : ज्याला ३० एमबीपीएस पुरतात तो कमी देतो, ३०० हवे असणारा जास्त. गावातला छोटा केबलवालाही वरच्या मोठ्या कंपनीकडून क्षमता विकत घेतो, जीबी नव्हे.

अमेरिकेत कॉमकास्ट कंपनीने बऱ्याच भागांत महिन्याला एक टीबीची (सुमारे हजार जीबीची) मर्यादा लावली होती. मार्च २०२० मध्ये, महासाथीत घराघरांतला वापर एकदम वाढला असताना, तिनेच ती काही महिने उठवली, आणि जाळे कोसळले नाही. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये ठरवले की मर्यादा संपल्यावरही तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसखाली नेऊ नये आणि किती वापर झाला याची सूचना ग्राहकाला द्यावी. पुढे २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्याच दोन एमबीपीएस झाली. त्या मापाने ६४ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँडच्या तिसाव्या भागाइतकाच वेग.

खरा तिढा मर्यादेच्याही आधीचा आहे. सिंचन आणि रस्त्यांच्या अनुशेषासारखाच हा तारेचा अनुशेष आहे. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते, आणि राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या राज्य सरकारच्या प्रकल्पाकडे आले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. तार ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत पोहोचणे आणि पाड्यावरच्या घरात राउटर लागणे यांत मोठे अंतर आहे. ते मिटेपर्यंत मेळघाटातल्या कुटुंबाला नागपूरच्या फायबरवाल्यापेक्षा प्रत्येक जीबी महाग पडत राहणार, म्हणून रोजच्या मर्यादेत बदल करण्याचे काम तोवर लांबवता येणार नाही.