वारसा वास्तूंचे स्थानिक संरक्षण (मुंबई)

किल्ले, लेणी, मंदिरे यांना केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याचे छत्र आहे. ज्या इमारतींत लोक राहतात, कचेऱ्या चालतात, भाडी वसूल होतात, त्या सहसा या कायद्यांत बसत नाहीत. मुंबईत अशा वास्तूंना संरक्षण मिळाले ते नगररचनेच्या वाटेने. १९९५ मध्ये शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारशासाठी ६७ क्रमांकाचा नियम लागू झाला. तेव्हा सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यादीत होते.

यादीत श्रेणी १, २अ, २ब आणि ३ असे वर्ग आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पहिल्या श्रेणीत येते. एकट्याने फारशा नजरेत न भरणाऱ्या, पण रस्त्याचा तोंडवळा घडवणाऱ्या इमारती तिसऱ्या श्रेणीत. पाडकाम किंवा फेरबदलाची परवानगी महापालिका आयुक्त हेरिटेज समितीच्या सल्ल्याने देतात. सल्ला डावलायचा असल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि हा अधिकार त्यांना हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही.

तरीही या व्यवस्थेला ‘स्थानिक’ म्हणणे अर्धेच खरे आहे. समिती नेमते राज्य सरकार, आणि नियमातला बदलही नगररचना कायद्यानुसार नगरविकास विभागाच्या मंजुरीनेच होतो. १९९९ मध्ये राज्याने दुरुस्ती करून तिसऱ्या श्रेणीतील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या सल्ल्याच्या अटीतून सूट दिली. उलट बाजूही आहे. २०१२ मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातील रहिवाशांनीच जोरदार हरकती घेतल्या. पुनर्विकास अडेल ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

खरी अडचण पैशाची. नियमामुळे बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे, पण त्यातून दरवर्षीची डागडुजी होतेच असे नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, याचे ठळक उदाहरण. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची चलचित्रे भारतात प्रथम येथेच दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे गाळे झाले, भाडेकरू आले. श्रेणी २अ असूनही इमारत इतकी खचली की २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. पाडावी की सावरावी, यावर तज्ज्ञांतही एकमत नव्हते.

हैदराबादेतही वारसा यादीचा आधार नगररचनेचा नियमच, १३ क्रमांकाचा, होता. तेलंगण सरकारने २०१५ मध्ये तो रद्द केला. पुढे यादीतील इर्रम मंझिल हा राजवाडा पाडून तेथे विधानभवन उभारण्याचे ठरले. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाचा तो निर्णय रद्द ठरवला.